वर्गातल्या मुलीचं कुटुंब रस्त्यावर आलंय, सुरुवात कुठून करू?

पाचवी_ब

नमस्कार सगळ्यांना. मी मुंबईत पालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. वर्गात एक मुलगी आहे, नाव लिहीत नाही. दिवाळीपर्यंत रोज वेळेवर यायची, गणितात चांगली, फळ्यावर उत्तर लिहायला सगळ्यात आधी उठायची. दिवाळीनंतर तिसऱ्या तासाला यायला लागली, कधी केस ओलेच, कधी चार दिवस तोच युनिफॉर्म, आणि खिचडी वाटली की थोडी खाऊन बाकीची डब्यात भरून दप्तरात ठेवायची. मी एकदोनदा रागावले पण, ते आत्ता आठवलं की फार वाईट वाटतं. मग एक दिवस बाकावर डोकं ठेवून चक्क गाढ झोपली. उठवून विचारलं तर म्हणाली, बाई रात्री डोळ्यावर लाईट असते ना.

शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर गेले. स्टेशनबाहेरच्या भिंतीला लागून निळी ताडपत्री, दोन बोचकी, एक पाण्याचा कॅन. वडील बिगारी काम करायचे, परांचीवरून पडले, मांडीत रॉड टाकलाय, कुबड्या घेऊन चालतात. ठेकेदाराने पहिले काही दिवस हॉस्पिटलचा खर्च दिला, नंतर फोन उचलणं बंद. भाडं थकलं, तीन महिने डिपॉझिटमधून कापून झालं, मग घरमालकाने सामान बाहेर ठेवलं. दोन आठवडे नणंदेकडे काढले, तिच्या दहा बाय दहाच्या खोलीत नऊ माणसं झाली, मग भांडणं, मग हे. आई तीन घरची धुणीभांडी करते. धाकटा भाऊ साडेतीन वर्षांचा. रात्री आई बसूनच झोपते आणि ओढणीचं एक टोक मुलीच्या पायाला, दुसरं स्वतःच्या मनगटाला बांधते.

मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो त्या बाईंच्या हिशोबाचा. मी म्हटलं आता भाडं तरी वाचत असेल, तर त्या म्हणाल्या कुठलं बाई, आणि बोटांवर मोजून दाखवलं. चौघांचं सुलभ आणि अंघोळ मिळून दिवसाला सत्तर, प्यायचं पाणी वीस, मोबाईल चार्जिंगचे दहा, सकाळचा चहा विकतचा, आणि चूल पेटवता येत नाही म्हणून दोन्ही वेळचं जेवण गाडीवरचं. आधी घरी ऐंशी रुपयांत चौघांचं व्हायचं ते आता दोनशेच्या खाली होत नाही. म्हणजे महिन्याला सहासात हजार रुपये जास्तीचे जातात, आणि त्यांच्या खोलीचं भाडं होतं साडेपाच हजार!! फूटपाथवर राहणं खोलीपेक्षा महाग पडतंय आणि त्यामुळे परत खोलीसाठी पैसे साठतच नाहीत. वीस-पंचवीस हजार डिपॉझिट एकरकमी कुठून आणणार?

आमच्या शाळेतल्या शिक्षकांची थोडी वर्गणी काढायची तयारी आहे, पण एक सर म्हणाले हातात पैसे दिले की आठ दिवसांत संपतील. दुसऱ्या बाई म्हणाल्या मुलीला वसतिगृहात घाला. आई मुलीला सोडायला अजिबात तयार नाही, आणि मला पण ते पटत नाही. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, सुरुवात कुठून करायची, कुठल्या ऑफिसात जायचं, आणि काय चुकूनही करायचं नाही.

वाडीकर

बाई, तुमची तळमळ समजते. मी स्पष्ट विचारतो, राग मानू नका. गाव कुठलं आहे त्यांचं? माणसाचा पाय अधू, काम होत नाही, मग मुंबईत राहून काय साधणार? गावी चार माणसं आपली असतात, भाकरीला मीठ तरी मिळतं, शाळा तिथेही आहे. तिकीट काढून द्या, हे मला जास्त माणुसकीचं वाटतं. आमच्या वाडीतली दोन घरं लॉकडाऊनमध्ये अशीच परत आली आणि आज बरी आहेत.

पाचवी_ब

दादा, राग नाही, मी पण आधी हेच विचारलं होतं. गाव परभणीकडे. जमीन नाही. सासऱ्यांची एक खोली, त्यात दोन दीर आपापल्या बायकामुलांसकट, आणि ते सुद्धा सहा महिने ऊसतोडीला जातात, तेव्हा घराला कुलूप. मुलीच्या आईला तिथे काम म्हणजे शेतमजुरी, ती पण हंगामापुरती. इथे तिला तीन घरची कामं आहेत, महिन्याला नऊ हजार येतात. घरात कमवणारी आता तीच आहे. नवऱ्याच्या पायाची तपासणी पण इथल्याच हॉस्पिटलात चालू आहे, दर महिन्याला बोलावतात.

रात्रपाळी

ताई, मी बेघरांसोबत काम करतो, आठ वर्षं झाली, रात्रीच्या फेऱ्या जास्त म्हणून हे नाव. मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

आधी काय करायचं नाही ते सांगतो. घाबरून कुणालाही फोन लावून "रस्त्यावर लहान मुलं आहेत, घेऊन जा" असं सांगू नका. १०९८ हा नंबर मुलांच्या मदतीसाठीच आहे, मुलाला मारहाण, धोका, हरवलंय असं काही असेल तर बिनधास्त लावा. पण इथे आईबाप दोघं आहेत, जीव लावतायत, पोर शाळेत जातंय. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सरळ लिहिलंय की मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. तरी रस्त्यावरच्या आईला सगळ्यात मोठी भीती हीच असते की पोरं उचलून नेतील, आणि त्या भीतीपोटी ती कुठल्याच सरकारी माणसाशी बोलत नाही, जागा बदलते, मुलीची शाळा सुटते. तुम्ही विश्वास कमावलाय तो जपा.

निवाऱ्याचं. २०१३ साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू झालं (ते २०२४ पर्यंत चाललं) त्यात शहरी बेघरांसाठी निवारे हा भाग होता, नियम असा होता की दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक कायमचा निवारा, चोवीस तास उघडा, माणशी ५० चौरस फूट जागा, आणि कुटुंबांसाठी वेगळी सोय. त्याच्याही आधी अन्न अधिकाराच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये लाखामागे एक निवारा द्या म्हणून सांगितलेलं. आता मुंबईची वस्ती २०११ च्या जनगणनेत सव्वा कोटीच्या आसपास, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे पाहिजेत. त्याच्या जवळपासही नाहीत. आणि आहेत त्यात एकट्या पुरुषांचे, मुलांचे जास्त, अख्खं कुटुंब एकत्र राहील असे थोडे. म्हणून तुमच्या वॉर्ड ऑफिसात समाजविकास अधिकारी असतात, सीडीओ म्हणतात, त्यांना भेटून एकच प्रश्न विचारा, कुटुंबासाठीचा निवारा कुठे आहे आणि आज जागा आहे का. मग त्या आईला घेऊन आधी बघून या. नवरा एकीकडे, बायको-मुलं दुसरीकडे असं असेल तर बहुतेक बायका चार दिवसांत परत फूटपाथवर येतात, मी त्यांना दोष देत नाही. आजारी नवऱ्याला सोडून कसं राहणार.

कागद. त्यांच्याकडे आत्ता काय आहे ते विचारा. फूटपाथवरून कधीही जप्तीची गाडी येते आणि बोचक्याबरोबर कागद जातात, हे मी डझनभर वेळा बघितलंय. सगळ्याचे फोटो काढून तुमच्या मेलवर ठेवा, मूळ प्रती ज्या घरी काम करतात तिथे ठेवता येत असतील तर उत्तम. आधार हरवलं असेल तर आधार केंद्रावर अंगठा देऊन परत निघतं. गावचा पत्ता असला तरी चालतो, बदलायची घाई नको. रेशन कार्ड गावचं असेल आणि तिचं नाव त्यात असेल तर एक देश एक रेशनकार्डमुळे मुंबईतल्या कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं, ट्रान्सफर करायला लागत नाही, सगळं एकदम उचलायला पण लागत नाही, राहिलेलं गावाकडचे घेऊ शकतात. केवायसी, म्हणजे रेशन कार्डावरच्या नावाची आधारने पडताळणी, झालेली आहे का तेवढं बघा. फक्त धान्य शिजवायला चूल पाहिजे, म्हणजे परत गाडी खोलीवरच येते.

आणि आता जे कुणीच सांगत नाही ते. तो माणूस कामावर पडलाय! ही दया मागायची गोष्ट नाही, हक्काची भरपाई आहे. आधी यासाठी १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता २०२० आली, बिगाऱ्यालाही लागू. ठेकेदार गायब झाला तरी ज्याच्यासाठी काम चालू होतं तो मुख्य मालक सुटत नाही. अपघातापासून दोन वर्षांच्या आत दावा लावायचा असतो. हॉस्पिटलचे केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, साईटचा पत्ता, बरोबर काम करणाऱ्या एकदोघांचे नंबर, हे आजच गोळा करा, कारण सहा महिन्यांत साईट संपते आणि माणसं पांगतात. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, १५१०० हा त्यांचा नंबर. बायकांना आणि कामगारांना तिथे वकील फुकट मिळतो. पैसे यायला वेळ लागेल, पण हे सोडलं तर त्या कुटुंबाने आपल्याच पायाची किंमत स्वतः भरली असं होतं. बांधकाम कामगार मंडळात त्याची नोंदणी होती का तेही विचारा, असेल तर मुलांना शिष्यवृत्ती वगैरे आहे. नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तिथेच सगळ्यांचं घोडं अडतं.

राहिला पैशाचा प्रश्न. तुमचे सर म्हणतात हातात पैसे दिले तर संपतील. हो संपतील, कारण मुलं भुकेली असताना कुठली आई पंचवीस हजार दाबून ठेवेल? त्यात तिची चूक काही नाही. तुम्ही वर्गणी काढा, पण थेट खोलीच्या डिपॉझिटला द्या, मालकाच्या नावे, करार आईच्या नावे. आणि नुसतं डिपॉझिट देऊन थांबू नका. आम्ही पहिल्या वर्षी हीच चूक केली, खोली दिली, फोटो काढले, तीन महिन्यांनी तेच कुटुंब परत पुलाखाली, कारण दुसऱ्याच महिन्यात पोरगा आजारी पडला आणि भाडं गेलं. आता आम्ही पहिल्या महिन्याचं भाडं पूर्ण, दुसऱ्याचं अर्धं, तिसऱ्याचं थोडं असं धरतो, आणि सहा महिने दर आठवड्याला एक माणूस जाऊन बसतो, चहा पितो, काय चाललंय विचारतो.

खोली_मालकीण

मी दुसऱ्या बाजूची आहे, माझ्या दोन खोल्या भाड्याने असतात. ज्याने सामान बाहेर ठेवलं त्याची बाजू घेत नाही, पण मालकाच्या मनात काय असतं ते सांगते. भाडं थकलं तर माणूस खोली सोडणार नाही ही भीती असते, म्हणून डिपॉझिट वाढवतात. कुणी तिसरं माणूस, शिक्षिका असेल तर उत्तमच, समोर उभं राहून म्हणालं की अडचण आली तर आधी मला फोन करा, तर डिपॉझिट खाली येतं. मी स्वतः एका बाईला दहा हजारांवर खोली दिलीये, बाकीचे महिन्याला हजार हजार करून, कारण ती जिथे काम करायची त्या काकू बरोबर आल्या होत्या. तुम्ही बरोबर जा. फोनवर बोलू नका, समोर जा.

आणि करार लिहून घ्याच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची असते, तसा नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, जोपर्यंत मालक उलटं सिद्ध करत नाही. हे भाडेकरूंना माहीतच नसतं. झोपडपट्टीतल्या खोल्यांना स्टॅम्पपेपरवर नोटरी करतात, ते वेगळं, पण कागद पाहिजे. पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती देतात त्याची प्रत सुद्धा जपून ठेवायला सांगा, पुढे पत्त्यासाठी कामी येते.

भायखळा_ते_मानखुर्द

मी बरेच दिवस नुसती वाचत असते, आज लिहिते. मी फूटपाथवर जन्मलेली. भायखळ्याला, भिंतीला टेकून आमचं झोपडं, पुढे रस्ता. आई कचऱ्यातून भंगार वेचायची, नंतर लसूण सोलायची.

वाडीकर दादा, तुम्ही मनापासून लिहिलंय ते कळतं, पण "गावी पाठवा" हे आम्ही जन्मल्यापासून ऐकलं. १९८१ च्या पावसाळ्यात सरकारने ठरवलं होतं फूटपाथवरच्या लोकांना बसमध्ये घालून गावी सोडायचं. त्यावरून केस झाली, ओल्गा टेलिस नावाच्या पत्रकार बाईंनी केली म्हणून त्यांच्या नावाने ओळखतात, १९८५ ला निकाल लागला. कोर्टाने म्हटलं पोट भरायचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, माणूस फूटपाथवर राहतो कारण त्याचं काम तिथून जवळ असतं. पण त्याच निकालात फूटपाथ रिकामे करायला परवानगी पण मिळाली, नोटीस देऊन. आई म्हणायची कोर्टाने आमचं दुखणं बरोबर ओळखलं आणि औषध दिलंच नाही.

त्याच वर्षी स्पार्क संस्थेच्या लोकांनी आमची मोजणी केली, घराघरात जाऊन, म्हणजे ताडपत्री-ताडपत्रीत जाऊन. किती वर्षं इथे आहात, काम काय, जेवता काय. आईला कुणी पहिल्यांदाच असं विचारलं होतं. मग महिला मिलन, म्हणजे फूटपाथवरच्या आम्हा बायकांचा बचतीचा गट, सुरू झालं. रोजची बचत, एक रुपया दोन रुपये, एक बाई पुस्तक घेऊन यायची. ज्या दिवशी नसेल त्या दिवशी नाही, ओरडायचं नाही. घर कसं पाहिजे हे बायकांनी स्वतः ठरवलं, इंजिनियरची टेप नव्हती तर साडी धरून लांबी-उंची मोजली. उंच खोली पाहिजे म्हणाल्या, म्हणजे वर माळा टाकता येतो, मुलं माळ्यावर अभ्यास करतील.

पण खोली मिळायला आम्हाला वीस वर्षं लागली!! मानखुर्दला. मी तोपर्यंत दोन पोरांची आई झाले होते. म्हणून मला हे वाचून राहवलं नाही, तुमच्या मुलीचे अजून महिनेच गेलेत. महिने गेलेले असतात तेव्हा हात लागतो. वर्षं गेली की फूटपाथच घर होतो, आजूबाजूचे लोक आपले होतात, आणि मग उठवणं म्हणजे परत एकदा घर मोडणं.

अजून एक सांगते, लांबची खोली घेऊ नका. आम्ही मानखुर्दला गेलो तेव्हा आईची लसणाची कामं भायखळ्यालाच, रोज गाडीने जाणं-येणं, दोन तास आणि पासाचे पैसे. शेजारच्या तीन बायकांची कामं पहिल्या वर्षात सुटली. स्वस्त मिळते म्हणून नालासोपाऱ्याला खोली घेतली तर त्या ताईंची तीन घरं सुटतील. पाचशे रुपये भाडं जास्त पडलं तरी कामाजवळ बघा.

आणि खोली मिळाल्यावर त्या लगेच खुश दिसल्या नाहीत तर मनाला लावून घेऊ नका. आमच्या आईने वर्षभर बोचकी सोडली नाहीत. भिंतीला मांडणी ठोकून दिली होती भावाने, ती रिकामी, आणि भांडी बोचक्यात, दाराजवळ, कधी उठायला सांगतील म्हणून. मी विचारायची आई लाव ना भांडी, तर म्हणायची लावते गं, बघू.

वाडीकर

ताई, हे मला माहीत नव्हतं. माझा सल्ला मागे घेतो. बाई, वर्गणीत माझे दोन हजार धरा.

न्यूजर्सीहून

मी मूळची सांगलीची, इथे पब्लिक स्कूलमध्ये शिकवते. भारतातलं काही सांगण्याचा अधिकार नाही, पण मुलीच्या शाळेबद्दल दोन शब्द लिहावेसे वाटले कारण इथे पण कुटुंबं बेघर होतात, फक्त दिसत नाहीत, मोटेलमध्ये किंवा गाडीत झोपतात, नाहीतर नातेवाईकांच्या सोफ्यावर. १९८७ सालचा मॅकिनी-व्हेंटो म्हणून कायदा आहे, त्यात घर गेलेल्या मुलाला त्याच्या जुन्याच शाळेत राहायचा हक्क आहे, कुटुंब दुसऱ्या गावात गेलं तरी, आणि ने-आण शाळेच्या जिल्ह्याने करायची. कागद नसले तरी त्याच दिवशी प्रवेश. नणंदेच्या घरात नऊ माणसांत राहणारी मुलगी सुद्धा या कायद्यात बेघरच धरली जाते, म्हणजे मदत फूटपाथवर येण्याआधी सुरू होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. माझ्या वर्गात गेल्या वर्षी एक मुलगा होता, घर तीनदा बदललं पण बाई त्याच, बाक तोच, मित्र तेच, तेवढ्यावर तो तरला.

रात्रपाळी दादा म्हणतायत ना भाड्याला हात द्या, त्यावर इथे मोठा अभ्यास झालाय, सरकारनेच केलेला. २०१० पासून १२ ठिकाणची २,२८२ निवाऱ्यातली कुटुंबं घेऊन कुणाला दीर्घ मुदतीची भाड्याची मदत, कुणाला थोड्या दिवसांची, कुणाला समुपदेशनासकट तात्पुरतं घर, असं विभागून तीन वर्षं बघितलं. ज्यांना भाड्याची दीर्घ मदत मिळाली ती सगळ्यात जास्त टिकली, आणि मुलांच्या शाळा कमी बदलल्या, घरातली मारहाण सुद्धा कमी झाली. आधी सुधारा मग घर देऊ असं करण्यापेक्षा आधी घर दिलं की बाकीचं माणसं बरंचसं स्वतः करतात.

रात्रपाळी

शाळेचं बरं झालं काढलंत. आपल्याकडे पण शिक्षण हक्क कायदा २००९ आहे की, वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वर्षाच्या मध्ये आलं तरी घ्यावं लागतं, जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी थांबवता येत नाही. पण जुन्याच शाळेत ठेवायचा, ने-आण करायचा नियम नाही, ते आपल्या शिक्षकांच्या मनावर. पालिका शाळेच्या मुलांना बेस्टचा प्रवास फुकट आहे तो वापरा. आणि धाकट्याला अंगणवाडीत घाला आजच्या आज, चार तास तो सुरक्षित राहील आणि आईचं एक काम वाढेल.

पाचवी_ब

पाच आठवड्यांनी लिहितेय, मध्ये परीक्षा होत्या, माफ करा.

निवाऱ्यात नाही गेले ते. सीडीओ मॅडम चांगल्या बोलल्या, पण कुटुंबासाठीची जागा जिथे होती ती कामापासून फार लांब. मी आईला घेऊन बघून आले, त्यांनीच नको म्हटलं, मी पण आग्रह केला नाही. मग सरळ खोलीच्या मागे लागलो. पाच ठिकाणी नकार. दोन ठिकाणी भाषेवरून आणि गावावरून विचारपूस, एका ठिकाणी नवऱ्याच्या कुबड्या बघून दार लावलं, तो पाय ओढत जिना उतरला तेव्हा मला रडू आलं. सहाव्या ठिकाणी एक म्हातारी आजी भेटल्या, खोली_मालकीण ताई म्हणाल्या तसं मी समोर उभी राहिले, माझा नंबर दिला. डिपॉझिट पंधरा हजार, भाडं सहा हजार, नळ दिवसाआड. आमच्या शिक्षकांचे नऊ, वाडीकर दादांचे दोन (खरंच पाठवले त्यांनी), आणि उरलेले चार हजार आई ज्या घरी काम करतात त्यांनी पगारातून थोडे थोडे कापायच्या बोलीवर दिले. करार आईच्या नावाने. सही करायच्या जागी अंगठा द्यायला निघाल्या होत्या तर मुलगी म्हणाली आई तुला येतंय ना नाव लिहायला, मी शिकवलंय. लिहिलं त्यांनी, वेळ लागला, आजी थांबल्या.

भरपाईचं: विधी सेवामधून वकील मिळाले, अर्ज लागलाय. बरोबर काम करणारा एक मुलगा साक्ष द्यायला तयार आहे, दुसरा घाबरतो. हॉस्पिटलच्या कागदात "घरी पडला" असं लिहिलेलं निघालं, ठेकेदाराच्या माणसाने भरती करताना तसं सांगितलं असणार. वकील म्हणतात ते खोडता येईल पण सोपं नाही. कुणाला असा अनुभव असेल तर नक्की लिहा.

वडील आता इमारतीखाली बसून इस्त्रीची कापडं घड्या घालायला मदत करतात, रोजचे शंभर सव्वाशे मिळतात. धाकटा अंगणवाडीत जातो, पहिले तीन दिवस रडला. मुलगी वेळेवर येते. खिचडी अजून अर्धी डब्यात ठेवते, मी काही बोलत नाही.

बोचकी दाराजवळच आहेत. भायखळा ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर मला वाटलं असतं की यांना खोली आवडलीच नाही.

रेशनचा तांदूळ-गहू मिळाला, केवायसी झाली होती. पण अजून जेवण बाहेरूनच येतंय कारण शेगडी नाही, आणि गॅसला पत्त्याचा पुरावा मागतात. कुणाकडे जुनी शेगडी पडून असेल तर सांगाल का?

भायखळा_ते_मानखुर्द

शेगडी आहे, दोन बर्नरची, एक बर्नर मंद चालतो पण चालतो. गॅसला पाच किलोची छोटी टाकी घ्या, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, नुसतं आधार दाखवायचं. नंतर उज्ज्वलासाठी अर्ज करा, बाहेरगावच्या लोकांना पत्त्याचं स्वतः लिहून दिलेलं चालतं. त्या छोट्या टाकीचा रेग्युलेटर वेगळा असतो, माझा बसणार नाही, तो दुकानातूनच घ्या. रविवारी दुपारी आणून देते, माझ्या मुलाला बरोबर घेऊन येईन, मांडणी ठोकायची असेल तर तो ठोकेल. त्यांना विचारा आधी, ठोकायची का म्हणून.